मुंढेगावला संपलेला डबा

वस्ताद, तुम्हाला अक्षरओळख नव्हती, आणि तुम्ही जाऊनही आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला पुरते ठाऊक आहे. तरी लिहिणार आहे. यापूर्वी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा पहिल्याच पानावर उठलो. एकदा पाहुणे आले, एकदा वीज गेली, आणि एकदा काहीच झाले नव्हते, तरी उठलो. आज उठणार नाही. सांगायचे आहे ते गाडीविषयी, तुम्ही चालवत होता त्या काळ्या अँबॅसेडरविषयी, आणि तिच्यावर मी जो कागद लिहिला त्याविषयी. त्या कागदामुळे ती गाडी गेली, आणि गाडीमागोमाग तुम्ही गेलात. त्या कागदात एक ओळ कमी होती. ती तुम्हाला कधी कळली नाही.

निमित्त घडले ते असे. माझ्या थोरल्या नातीला मोठी गाडी घ्यायची आहे. आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की अखेरचा शब्द माझा असतो, हे मी अभिमानाने लिहितो. तिने मला तीन ठिकाणी नेले आणि तीन गाड्यांत मागच्या आसनावर बसवून हिंडवले. मी म्हणालो, "मागे बसून मला काय कळणार? चाक हातात दे." ती म्हणाली, "तुम्हीच सांगता ना आजोबा, गाडी मागच्या माणसासाठी असते." हे वाक्य तुमचे आहे हे तिला ठाऊक नाही. घरी आल्यावर तिने माझी जुनी वही मागून घेतली, कारण मी तिला नेहमी सांगतो की गाड्यांची परीक्षा कशी घ्यायची ते त्या वहीत लिहिलेले आहे. वाचता वाचता ती थांबली. "आजोबा, ही अँबॅसेडर दोनदा आहे. एकदा पाच लिटरचा डबा मुंढेगावला संपला, आणि दोन दिवसांनी त्याच गाडीचा डबा पार इगतपुरीजवळ? एवढा फरक कसा?" मी म्हणालो, "पहिल्या दिवशी वारा समोरून होता." ती हसली. "वारा?" म्हणाली, आणि तिने पान उलटले. वस्ताद, वारा नव्हता. झाडाचे पान हलत नव्हते. इतक्या वर्षांनंतर, कोणी माझे काही वाकडे करू शकत नसताना, मी माझ्या नातीशी खोटे बोललो. तेव्हा ठरवले की आता हे कागदावर उतरवायचेच.

बहात्तरच्या दुष्काळात मी गाव सोडून नाशिकला आलो आणि सातपूरच्या त्या कारखान्यात हातगाडीवरून माल ओढू लागलो. तुम्ही साहेबांचे ड्रायव्हर. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि खांद्यावर गाडी पुसायचे पिवळे फडके, जे तुम्ही कधी घाण होऊ दिले नाही. दुपारच्या सुट्टीत सगळे भाकरी खात असत आणि मी तुमच्या गाडीच्या आत वाकून पेडलांकडे पाहत असे. एके दिवशी तुम्ही विचारलेत, "काय बघतोस रं?" मी म्हणालो, "पाय. तीन आहेत, आणि माणसाला दोनच." तुम्ही इतके हसलात की घास घशात अडकला. पुढच्या रविवारी तुम्ही मला तपोवनाकडच्या रस्त्यावर नेले. तेव्हा तेथे वर्दळ नसे. पहिल्या दिवशी तुम्ही मला केवळ क्लच शिकवलात, दिवसभर केवळ क्लच. मी पाय पेडलवरच ठेवला की तुम्ही पायावर फडके मारायचात. "क्लच म्हंजी दार हाय. उघडायचं, आत जायचं, लावून घ्यायचं. उंबऱ्यात उभं ऱ्हायचं नाय. उंबऱ्यात उभा ऱ्हायलास का पेट्रोल जातं, पलेट जळती, आन गाडीचा जीव जातो." माझा डावा पाय त्या फडक्याने जमिनीवर बसायला शिकला. आजही, खुर्चीत बसलो असतानाही, माझा डावा पाय बाजूला आणि सपाट असतो.

पुढे तांब्याची परीक्षा आली. साहेबांच्या आईंच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरातून तुम्ही एक परात आणि एक पितळी तांब्या मागून आणत असा. तांब्या काठोकाठ भरून परातीत ठेवायचा, परात मागच्या आसनाच्या पुढे खाली ठेवायची, आणि तपोवनापासून पंचवटीपर्यंत गाडी न्यायची. परातीत जे सांडेल ते चहाच्या पेल्यात ओतून पाहायचे. पेला भरला तर त्या दिवशी मला चहा नाही. पहिल्या रविवारी दोन पेले भरले, तुम्ही माझ्या देखत दोन चहा प्यालात आणि म्हणालात, "एक माझा, एक तुझा." पाच-सहा रविवारांनी परातीच्या तळाला जेमतेम घोटभर पाणी सांडलेले दिसले. त्या दिवशी तुम्ही परात बाजूला ठेवली, तांब्या माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, "पी." मी प्यालो. उरलेले पाणी तुम्ही तोंड लावून प्यालात. मी कोणत्या वस्तीतून कामाला येतो हे तुम्हाला ठाऊक होते, आणि त्या काळी कारखान्यातल्या माठाजवळ काय चालत असे तेही तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही तोंड पुसलेत आणि म्हणालात, "चल, साहेबांना सहाला सोडायचंय." त्याविषयी आपण दोघे पुढे कधी बोललो नाही. परंतु वस्ताद, जे पुढे लिहिणार आहे ते त्या तांब्याभर पाण्यानंतरचे आहे, हे मी विसरलेलो नाही.

लायसन मिळाले त्या दिवशी तुम्ही मला मेन रोडवरच्या दुकानातून एक जाड वही आणि शाईचे पेन घेऊन दिलेत. "तुझ्या डोस्क्यात चार यत्ता हायत. माझ्यात एक बी नाय. त्या गंजू देऊ नको. गाडीचं रोज लिहीत जा. किती पळाली, किती प्याली, कुठं कुरकुरली." मी चौथी उत्तीर्ण आहे, तीही पहिल्या क्रमांकाने, आणि माझे अक्षर आजही सरळ रेषेत चालते. कारखान्याच्या टेम्पोवर लागलो त्या दिवसापासून मी रोज लिहिले. लिटरभर पेट्रोलात गाडी किती पळते, त्याला आपल्या लोकांच्या भाषेत ॲव्हरेज म्हणतात. कोणती गाडी लिटरला किती ॲव्हरेज देते हे सातपुरात कोणाला पाहिजे असले तर लोक माझ्याकडे येत. ते कौतुक मला आवडत असे.

आता त्या वर्षाकडे येतो. साल पंच्याऐंशी संपत आले होते. मोठ्या बाईंची कंबर धरली होती आणि दर महिन्याला त्यांना उपचारासाठी मुंबईला न्यावे लागत होते. कोणी तरी साहेबांना पद्मिनी घ्यायला सांगितले, परंतु बाईंना पाय लांब करून बसायचे होते, त्यामुळे लहान गाडीचा विचार मागे पडला. मग नवी कॉन्टेसा आली. साहेबांच्या व्याह्यांनी ती घेतली होती आणि आठ दिवस वापरून पाहा म्हणून पाठवून दिली. तांबड्या रंगाची, लांबलचक, जमिनीला टेकलेली. साहेबांनी आपणा दोघांना केबिनमध्ये बोलावले. ते स्वतः इंजिनियर होते. म्हणाले, "जाहिराती मी वाचत नाही. तुम्ही दोघे दोन्ही गाड्या आठ दिवस चालवा. बसायला कोणती बरी, वळणावर कोणती बरी, पेट्रोल कोणती कमी पिते, ते मला कागदावर पाहिजे. वस्ताद आपली गाडी चालवतील, नवी तू चालव. लिहायचे तू." परीक्षा गाड्यांची घ्यायची आणि चालवणारे मात्र दोन, ही चूक साहेबांसारख्या माणसाच्याही ध्यानात आली नाही. माझ्याही आली नव्हती. तुम्ही तुमची गाडी दुसऱ्याच्या हाती देत नव्हता, आणि नव्या गाडीला हात लावायला तयार नव्हता, एवढेच आम्हा सर्वांना दिसत होते. बाहेर आल्यावर तुम्ही नव्या गाडीत डोकावून पाहिलेत. "गिअर कुठाय हिचा?" "खाली आहे वस्ताद, जमिनीत." "म्हंजी गिअर टाकायला वाकायचं? मग चाकाला नमस्कार बी करून घ्यायचा का?"

बसण्याची परीक्षा बाईंनीच घेतली. मला तो दिवस समोर दिसतो. परात खाली, तांब्या परातीत, आणि बाई मागे उशी पाठीशी घेऊन बसल्या आहेत, हातात जपमाळ. मुंबई रस्त्यावर विल्होळीपर्यंत तुमची गाडी, परत येताना नवी. त्यानंतर मुद्दाम पेठ रस्त्याला, जेथे डांबर कमी आणि खड्डे अधिक, पुन्हा दोन्ही. चांगल्या रस्त्यावर नवी गाडी पाण्यावरच्या नावेसारखी चालली. तांब्यातले पाणी जागचे हलले नाही. पेठ रस्त्यावर मात्र तिचे पोट दोनदा दगडाला घासले आणि परातीत पेलाभर पाणी जमले. तुमची गाडी तेथे खड्ड्यांतून अशी गेली की जणू तिला प्रत्येक खड्डा नावाने ठाऊक आहे. बाई उतरल्या. नव्या गाडीतून उतरताना मला एक हात द्यावा लागला, तुम्हाला दुसरा. "अहो, बसायला बरी आहे हो," बाई म्हणाल्या, "पण मी गाडीत बसते की विहिरीत उतरते? तुमच्या त्या गाडीतून पाटावरून उठावं तशी उठते मी." तुम्ही विचारलेत, "आन कंबर काय म्हणती, बाईसाहेब?" "कंबर नव्या गाडीच्या बाजूने आहे. गुडघे तुमच्या." तुम्ही हसलात आणि तुमचा स्वतःचा डावा गुडघा चोळलात. ते मी पाहिले. त्या वर्षी तो गुडघा तुम्ही वरचेवर चोळत होता, आणि त्या वर्षात तुमच्या गाडीची क्लच प्लेट दोनदा बदलावी लागली होती, हेही माझ्या वहीत होते. परंतु या दोन गोष्टी मी तोपर्यंत एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

कसाऱ्याच्या घाटात वळणांची परीक्षा झाली. त्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे वाद नव्हता. तुमच्या गाडीचे स्टिअरिंग दोन-चार बोटे मोकळे फिरत असे आणि वळणावर ती अंग टाकत असे, परंतु ती किती अंग टाकणार हे तुमच्या हातांना आधीच कळलेले असे. नवी गाडी वळणात जमीन धरून राहिली, उतारावर मला तिचा फार भरवसा वाटला. चढावर दोन्ही सारख्याच दमल्या. मागाहून कळले की दोन्हींचे इंजिन मुळात एकाच घराण्याचे होते. तुम्हाला ते कोणी सांगावे लागले नाही. घाट चढून वर आल्यावर तुम्ही नुसता आवाज ऐकून म्हणालात, "कोट नवा शिवलाय. आतला गडी त्योच हाय."

बसण्यात एक सरस तर उठण्यात दुसरी, वळणात एक बरी तर खड्ड्यात दुसरी. साहेबांना तोंडी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबरीत सुटले. आता ॲव्हरेज काय ते सांगा, त्यावर ठरवू." म्हणजे सारे डब्यावर आले. डब्याची रीत तुम्हीच मला शिकवलेली. पाच लिटरचा पत्र्याचा डबा बॉनेटच्या आत तारेने घट्ट बांधायचा, टाकीची नळी काढून डब्याची रबरी नळी जोडायची, मुंबई नाक्यावरच्या पंपापासून निघायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जेथे बंद पडेल तेथला मैलाचा दगड लिहून घ्यायचा. मग पुन्हा टाकीची नळी लावून परत यायचे.

पहिल्या दिवशी तुमची गाडी. तुम्ही चालवत आहात, मी शेजारी वही घेऊन बसलो आहे. सकाळचे ऊन आहे, दोन्ही बाजूंना भात कापून झाले आहे, रस्ता मोकळा आहे. विल्होळीच्या चढाला तुम्ही गिअर बदललात, आणि मी सहज खाली पाहिले. तुमचा डावा पाय क्लचवर होता. गिअर पडून गेला तरी पाय तेथेच होता. मला वाटले, आता उचलाल. वाडीवऱ्हे आले, पाय तेथेच. पेडल अर्धे बोट दबलेले. ज्या माणसाने माझ्या पायावर फडके मारून मारून मला शहाणे केले, तो माणूस उंबऱ्यात उभा होता. मी वर पाहिले. तुमच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दाबलेले होते. पाय उचलून बाजूला ठेवायचा तर गुडघा वाकवायला लागणार, आणि गुडघा वाकवताना जे होत होते ते तुम्हाला मला दाखवायचे नव्हते. मी वहीत पाहू लागलो. मुंढेगावला गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. चाकावरचे हात न काढता तुम्ही म्हणालात, "डबा गळतोय का बघ." मी उतरून पाहिले. डबा गळत नव्हता. "नाही वस्ताद." "पेट्रोलात रॉकेल आसंल." मी म्हणालो, "असेल."

दुसऱ्या दिवशी नवी गाडी मी एकट्याने नेली. ती घोटी ओलांडून थोडी पुढे जाऊन थांबली. म्हणजे नवी जिंकली. परंतु माझे मन मानीना. तिसऱ्या दिवशी साहेबांचे एक पाकीट इगतपुरीला पोहोचवायचे होते आणि तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. तेव्हा किल्ली मागून मी तुमची गाडी काढली. डबा तोच, पंप तोच, नळी तीच. डावा पाय जमिनीवर. मुंढेगाव गेले. घोटी आली तेव्हा मी दगड मोजायला लागलो. नवी गाडी जेथे थांबली होती ते बाभळीचे झाड आले आणि मागे गेले. गाडी चालतच होती. इगतपुरीची पहिली कौले दिसू लागली तेव्हा कोठे तिने आचका दिला. वस्ताद, मी रस्त्याच्या कडेला उतरलो आणि तुमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. ती म्हातारी नव्हती. ती पीत नव्हती. पंधरा वर्षे तुम्ही जी जपली ती गाडी त्या नव्या गाडीला मागे टाकून गेली होती. हे मी तेथेच, दगडावर बसून, वहीत लिहिले. कमी असलेली ओळ ती हीच.

रविवारी बसून मी साहेबांसाठी कागद लिहिला. तीनदा लिहिला, कारण खाडाखोड मला चालत नाही. आसन, खड्डे, वळण, चढ, सारे जसे होते तसे. पेट्रोलपाशी आलो आणि पेन थांबले. तिसऱ्या दिवसाची ओळ लिहायची तर पहिल्या दिवशी काय झाले तेही लिहावे लागणार. वस्तादांचा पाय क्लचवरून उठत नाही असे माझ्या अक्षरात लिहायचे, ज्या अक्षराला तुम्हीच वही आणून दिली होती! मी फक्त लिहिले की जुन्या गाडीचा डबा मुंढेगावला संपला आणि नव्या गाडीचा घोटीच्या पुढे. यात एकही शब्द खोटा नव्हता.

सोमवारी साहेबांनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "छान लिहिलेस. जुनी काढून टाकू." मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "वस्ताद, खूप केलेत. आता गेटवर खुर्ची टाकून बसा, आराम करा. नवी हा चालवेल." तुम्ही म्हणालात, "कागदात काय लिवलंय ते ऐकू द्या, साहेब." साहेब मला म्हणाले, "वाच." आणि मी उभा राहून, शाळेत वाचावे तसे, स्वच्छ उच्चारात सर्व वाचले. तुम्ही जमिनीकडे पाहत ऐकले.

गॅरेजमध्ये आल्यावर तुम्ही फडक्याने काच पुसायला सुरुवात केलीत, माझ्याकडे न पाहता.

"डबा मुंढेगावला सरला, आसं लिवलंस."

"सरला होता, वस्ताद."

"सरला. चालवत कोण होतं?"

तुम्ही दुसऱ्या काचेकडे वळलात.

"ते लिवलंस का?"

"नाही."

"का?"

"तुमचा मान..."

"माझा मान तुझ्या वहीत ठिवलाय व्हय रं?" तुम्ही फडके खाली ठेवलेत. तुम्ही ते खाली ठेवल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. "गुडघा माझा गेलाय. गाडीचं काय गेलंय? लिवायचं, म्हातारा क्लचवरनं पाय उचलीत नाय. साहेबांनी मला घरी बसवलं आसतं, मी बसलो आसतो. मला कळत नाय का? गाडी ऱ्हायली आसती. मुक्या गाडीवर घातलंस तू, लेका."

त्या वेळी तिसऱ्या दिवसाचे पान माझ्या खिशातल्या वहीत होते. साहेबांची केबिन तीस पावलांवर होती. नव्या गाडीची मागणी अजून गेलेली नव्हती, ती दोन दिवसांनी गेली. मला केवळ एवढेच म्हणायचे होते की वस्ताद, तुमची गाडी इगतपुरीपर्यंत गेली, मी स्वतः नेली. मी म्हणालो, "साहेबांनीच ठरवले."

गेटवरची खुर्ची तुम्ही घेतली नाही. महिनाअखेरीस तुम्ही किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवलीत, पिवळे फडके घडी करून खिशात घातलेत आणि फाटकातून बाहेर पडलात. लंगडत होता, परंतु सावकाश चाललात, म्हणजे ते दिसू नये. दोन वर्षांनी इगतपुरीच्या पुढे तुमच्या गावी तुमच्याच दहाव्याला आलो तेव्हा तुमच्या मुलाने, जो तेथल्या शाळेत शिक्षक झाला होता, मला पाणी दिले आणि सांगितले, "बाबा कधी कधी विचारायचे, गाडी कोणी घेतली म्हणून. आम्हाला काय माहीत?" मलाही तेव्हा माहीत नव्हते. पुढे एकदा पाहुण्यांना उतरवून घ्यायला मनमाडला गेलो तेव्हा स्टेशनबाहेर ती उभी होती, टॅक्सी झालेली, वर पिवळा रंग. ड्रायव्हर टपावर हात टेकून बिडी ओढत होता. मी विचारले, "कशी आहे?" तो म्हणाला, "काका, लय गुणी. मालेगाव जाऊन येऊन करते, कधी वाटेत नाय बसली." "पेट्रोल?" "पेट्रोलचं तर नावच काढू नका. बाकीच्या टॅक्स्या जळत्यात हिच्यावर." मी तिच्यात बसलो नाही. नुसते आत पाहिले. क्लचच्या पेडलवरचे रबर नवे होते.

तर हे तुमच्या गाडीचे प्रमाणपत्र, वस्ताद, उशिराचे. तिचा डबा इगतपुरीपर्यंत गेला होता. नव्या गाडीपेक्षा पुढे. मी साक्षीदार आहे आणि हे माझ्या अक्षरात आहे. उद्या सकाळी नातीला बोलावून सांगणार आहे की त्या दिवशी वारा नव्हता, आणि काय होते तेही सांगणार आहे. तिला गाडी घ्यायची आहे. जी माणसे गाडीची परीक्षा घेतात त्यांची परीक्षा कशी घ्यावी हे तिला कळले पाहिजे.

हे पत्र लिहायला घेतले तेव्हा ते तुमच्या मुलाला टपालाने पाठवायचे असे माझ्या मनात होते. तो वाचू शकतो, आणि गाडीचे काय झाले हे त्यालाही कळावे. पाकिटावर पत्ताही लिहून ठेवला आहे. परंतु एक गोष्ट राहते, आणि ती लिहिल्यावर हे पत्र मला पाठवता येणार नाही. ती न लिहिता पाठवले तर तो पुन्हा तसलाच कागद होईल, ज्यात एकही शब्द खोटा नाही. तेव्हा लिहितो आणि पाकीट मोकळेच ठेवतो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की मी वस्तादांचा मान राखला. बायकोला सांगितले, मुलांना सांगितले, सांगता सांगता मलाही ते खरे वाटू लागले. ते अर्धे खरे आहे. वाडीवऱ्हेच्या पुढच्या सरळ रस्त्यावर ती तांबडी गाडी माझ्या हाताखाली आवाज न करता धावली होती, आणि बांधावरची माणसे वळून पाहत होती, मला, जो कालपर्यंत टेम्पो चालवत होता त्याला. मला ती गाडी हवी होती. तुम्ही फाटकातून बाहेर पडलात त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे नेले होते.